चुकलेल्या उत्तराचा माग

तिसरीच्या वर्गात एका मुलीच्या पाटीवर ५२ वजा ३८ बरोबर २६ असं लिहिलेलं होतं. बाईंनी फुली मारली, शेजारी १४ लिहिलं आणि त्या पुढच्या पाटीकडे वळल्या. चाळीस मुलं आणि एक तासिका, त्यांना दोष देता येणार नाही. मी मागे बसले होते. खाली सतरंजीवर तिच्याशेजारी टेकले आणि विचारलं, "हे कसं काढलंस गं?" ती म्हणाली, "आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन." मी ७१ वजा ४५ दिलं, तिने न अडखळता ३४ लिहिलं. ६३ वजा २७ चं उत्तर आलं ४४. तिन्ही उत्तरं चुकीची, आणि तिन्ही एकाच नियमाने आलेली: मोठ्यातून लहान काढायचा, मग मोठा आकडा वर असो की खाली. हा नियम तिने स्वतःच्या मनाने काढलेला नव्हता. पहिलीत तिला कुणीतरी प्रेमाने सांगितलं होतं की लहानातून मोठा जात नाही. ती ते इमानाने पाळत होती. हातच्याचं गणित येईपर्यंत या नियमाने तिला दगा दिलेला नव्हता, ५९ वजा ३४ ती बरोबरच सोडवत आली होती.

मानसशास्त्राचा शिकवण्याला काय उपयोग, असा प्रश्न विचारला की माझ्या डोळ्यासमोर ही पाटी येते. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी हजाराहून अधिक मुलांच्या वजाबाक्या तपासल्या आणि दाखवून दिलं की पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एखादी चुकीची रीत अगदी शिस्तीने वापरत असतं. रीत ओळखली की पुढच्या गणितात ते काय लिहील हे आधी सांगता येतं. त्या मुलीची रीत त्यांच्या यादीतल्या ठळक रीतींपैकी एक आहे. आपल्याकडे मात्र "लक्ष नाही" हे प्रगतिपुस्तकातलं सगळ्यात स्वस्त निदान आहे. ही मुलगी लक्ष देत होती. चुकीच्या नियमाकडे देत होती.

गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की ज्या माणसाचं नाव आपल्या शिक्षक-प्रशिक्षणात सर्वाधिक घोकलं जातं, त्या जाँ पियाजेची सुरुवातही चुकलेल्या उत्तरांपासूनच झाली. १९२० च्या सुमाराला पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिमापनाच्या चाचण्या घेताना त्याला बरोबर उत्तरांपेक्षा चुकीच्या उत्तरांत जास्त रस वाटू लागला. एका वयाची मुलं एकाच प्रकारे का चुकतात, हे तो मुलांशी बोलून शोधत राहिला. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षेच्या १५० गुणांच्या पेपरात बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला ३० गुण आहेत. त्यासाठी उमेदवार पियाजेच्या चार अवस्था आणि त्यांची वयं पाठ करतात. त्या वयांच्या सीमारेषा पुढच्या संशोधनात बऱ्याच ढिल्या पडल्या. मार्गारेट डोनाल्डसन यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की प्रश्न मुलांना कळेल अशा प्रसंगातून विचारला, तर पियाजेने ठरवलेल्या वयाच्या आधीही मुलं बरोबर विचार करतात. टिकलं आहे ते पियाजेचं मुलाशेजारी बसून विचारणं. नेमकं तेच तीस गुणांत मोजता येत नाही.

चुका भाषेच्याही असतात, आणि इथे मराठी मुलाची अडचण जर्मन किंवा इंग्रजी पुस्तकात पूर्ण सापडत नाही. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो, वीस नंतर. लिहिताना दोन आधी, पाच नंतर. ऐकलं तसं लिहिणारं मूल ५२ लिहितं. एकोणतीसमध्ये कानावर 'तीस' पडतो आणि आकड्यात तीन कुठेच नसतो, त्यामुळे ३९ लिहिणारी मुलं शाळेशाळेत भेटतात. त्यातून त्र्याहत्तर, चौऱ्याऐंशी, सत्त्याण्णव यांसारखी जोडाक्षरांची नावं. चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात, आणि केव्हिन मिलर यांच्या गटाने १९९५ मध्ये दाखवलं की अमेरिकी आणि चिनी बालकांच्या मोजण्यातला फरक दहापर्यंत फारसा दिसत नाही. तो अकराच्या पुढे उघडतो, जिथे इंग्रजीतली नावं वेडीवाकडी होतात. शंभरापर्यंतची आपली नावं इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त वेडीवाकडी आहेत.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ दोन', 'वीस तीन' अशी वाचनाची पर्यायी रीत आली तेव्हा तिच्यामागे हाच विचार होता. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण जाहीरपणे मांडली. प्रश्न विधानसभेतही गाजला. थट्टा झाली, मराठी बुडाली म्हणून ओरड झाली. त्या गदारोळात मुलांच्या वह्या कुणी उघडल्या नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं. माझं मत विचाराल तर नारळीकर बाईंचं निदान बरोबर होतं. उपाय मात्र पुलासारखा वापरायला हवा होता: बासष्ट म्हणजे साठ आणि दोन, हे मुलाच्या तोंडून वदवून घ्यायचं, काठ्यांचे गठ्ठे समोर ठेवायचे, आणि बासष्ट हा शब्द सोडायचा नाही. कारण घरी आजी बासष्टच म्हणणार आणि बाजारात भाजीवालाही.

बाजाराचा विषय निघालाच आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नूनिस, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमान या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडून गिऱ्हाईक बनून नारळ विकत घेतले. ३५ क्रुझेरोंना एक, तर दहांचे किती? बारा वर्षांच्या मुलाने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तीन मिळवून २१०, पुन्हा तीन मिळवून ३१५, आणि शेवटचा घालून ३५० सांगितले. शाळेत पुढे शून्य लावायला शिकवतात. तो तीन-तीनच्या ढिगांनी गेला, कारण गिऱ्हाईक बहुधा तीनच नारळ घेतं. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाचच मुलं होती. बाजारात त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच आकडेमोड कागदावर नुसत्या आकड्यांनी दिली तेव्हा ३७ टक्के. २०२५ मध्ये कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा मोठा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि बालमानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्के त्यात होते. बाजारातल्या मुलांना शाळेतली गणितं जमली नाहीत, आणि शाळेतल्या मुलांना बाजारातला हिशेब जमला नाही. ही दुसरी बाजू मला जास्त बोचते. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही, हे मानसशास्त्राने शंभर वर्षं पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते सांगितलं होतं. तरी गणिताने बुद्धी तल्लख होते, संस्कृतने शिस्त लागते, अशा समजुती अजून पालकसभांत ऐकू येतात.

आता स्मरणाकडे येऊ, कारण या सगळ्या शास्त्रात पायाखालची जमीन सगळ्यात घट्ट आहे ती इथे. हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेल्या अक्षरजोड्या तो पाठ करायचा, आणि काही काळाने पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते मोजायचा. एका दिवसाने पहिल्या श्रमाची जवळपास एक तृतीयांश बचत उरत होती, महिन्याने एक पंचमांश. म्हणजे विसरण्याची मोठी उतरण पहिल्याच दिवशी असते, नंतर ती संथ होते. आज शिकवून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उजळणी घेणारी आपली वर्षाची आखणी बरोबर या उतरणीच्या विरुद्ध आहे.

मग करायचं काय? २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना दोन उतारे वाचायला दिले. एक त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा मिटून जेवढा आठवला तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेला पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं, पुन्हा वाचलेला ४२ टक्के आठवला आणि आठवून लिहिलेला ५६. हा आकड्यांचा खेळ मी अनेक शिक्षकांना फळ्यावर काढून दाखवला आहे आणि प्रत्येक वेळी वर्गात एक शांतता पसरते. कारण प्रत्येकाला आपापली वही आठवते, पिवळ्या हायलायटरने रंगवलेली. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा रीती तपासल्या. पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं तळाला गेलं. वर राहिल्या दोनच रीती: आठवून पाहणं, आणि अंतर ठेवून पुन्हा पुन्हा करणं.

आपल्या जुन्या शाळेला यातलं बरंच हाताने माहीत होतं. पाढे 'म्हणवून घेणं', धडा 'विचारणं', कविता 'म्हणून दाखवणं' ही क्रियापदं बघा. सगळीकडे पुस्तक मिटलेलं आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी रोज संध्याकाळी दिव्यापाशी म्हणणारी पिढी अंतर ठेवून आठवण्याचाच सराव करत होती. घोकंपट्टी वेगळी. घोकणं म्हणजे पुस्तक उघडं ठेवून तेच तेच वाचणं, आणि ते कमी टिकतं. गेल्या तीस वर्षांत पाठांतराला झोडपताना आपण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून फेकलं, ही मला मोठी चूक वाटते. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये एका वेळी मनात सातच्या आसपास गोष्टी राहतात असं मांडलं, नंतर नेल्सन कोवान यांनी तो आकडा चारपर्यंत खाली आणला. सात आठे किती हे बोटांवर मोजणाऱ्या मुलाची ती चार-पाच खणांची फळी तिथेच भरते. भागाकाराची पुढची पायरी ठेवायला जागा उरत नाही. छप्पन्न झटकन येणं ही बुद्धीची खूण नसेल, पण ती बुद्धीला मोकळी जागा करून देते.

परीक्षा असावी की नसावी, या आपल्या वादालाही या संशोधनाने वेगळा कोन दिला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणं थांबवलं, २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना मोकळीक दिली, महाराष्ट्राने पुढे पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणली. दोन्ही बाजू परीक्षेला निकाल समजतात. रोडिगरच्या प्रयोगातली परीक्षा निकाल लावत नव्हती, तीच शिकवत होती. तासाच्या सुरुवातीला गेल्या आठवड्याचे तीन प्रश्न, वही बंद, गुण नाहीत, रजिस्टर नाही. याला शासननिर्णय लागत नाही.

गणिताच्या उदाहरणसंग्रहांविषयी एवढंच सांगते: डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये दाखवलं की एका प्रकारची गणितं सलग सोडवणारे सरावात ८९ टक्के बरोबर येतात आणि आठवड्याने २० टक्क्यांवर घसरतात. सरमिसळ सोडवणारे सरावात ६०, आठवड्याने ६३. आपल्या पुस्तकात प्रत्येक संग्रह एकाच प्रकारचा असतो, कारण वर मथळाच तो प्रकार सांगतो. कोणती रीत लावायची हे ओळखण्याची पाळी मुलावर थेट परीक्षेतच येते.

आता वादाची जागा. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद आणला: मूल ज्ञान घेत नाही, रचतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी ते वर्गात उतरवून दाखवलं आणि २०१५ च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर राज्यभरातून शिक्षक तिथे पाहायला गेले. त्याच्याही कितीतरी आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली होती, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. मूल जिथे आहे तिथे जायचं, हे त्यांनी शब्दशः पायांनी केलं. कुमठ्याहून परतलेल्या अनेक शाळांनी मात्र आधी फरशा रंगवल्या. संख्यारेषा जमिनीवर आली. मूल तिच्यावर उभं राहून काय बोलतं हे ऐकायला वेळ मिळाला तिथे फरक पडला, नाही मिळाला तिथे रंग उडाले.

या वादात दुसरी बाजूही तितकीच अभ्यासलेली आहे. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर १९८८ पासून सांगत आले की नवख्या मुलाला कोडं देऊन सोडलं तर तो शोधण्यातच दमतो, शिकत नाही. आधी सोडवून दाखवलेलं उदाहरण त्याला जास्त देतं. २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी रचनावादावर थेट टीका केली. मला दोन्ही बाजूंचा मेळ एका साध्या निष्कर्षात दिसतो: तोच आधार नवख्याला तारतो आणि सरावलेल्याला अडवतो. आधी दाखवा, मग हळूहळू हात काढून घ्या. सायकल शिकवणारा प्रत्येक बाप हे करतो. अवघड आहे ते चाळीस सायकली एकदम धरणं, आणि प्रत्येक सायकल वेगळ्या वेगाने चाललेली असणं.

त्या वेगळ्या वेगांवर आपल्या भूमीतलंच सगळ्यात भक्कम काम आहे. मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांत 'प्रथम' या संस्थेने वस्तीतल्या मुलींना बालसखी म्हणून नेमलं. मागे पडलेल्या मुलांना त्या रोज दोन तास वेगळं बसवून पायाचं वाचन आणि गणित शिकवत. बॅनर्जी, डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांचा अभ्यास २००७ मध्ये आला: सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागच्या मुलांना झाला. इयत्ता न पाहता मूल कुठे आहे ते पाहून शिकवायचं, एवढंच सूत्र. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्कीने १९३४ मध्ये मरण्याआधी जवळपास हेच मांडलं होतं: मुलाला एकट्याने जमतं ते आणि कुणाच्या मदतीने जमतं ते, या दोहोंमधली पट्टी हीच शिकवायची जागा. पाचवीचं पुस्तक दुसरीच्या पातळीवरच्या मुलाला त्या पट्टीच्या बाहेर फेकतं.

वाचनातही आपल्या लिपीचे आपले प्रश्न आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना क आधी. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये देवनागरी वाचणाऱ्यांवर काम केलं, तेव्हा या उलट्या क्रमाचा भार वाचनात दिसला. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर काम करून दाखवलं की सगळ्या अक्षरांवर पकड यायला प्राथमिकची अनेक वर्षं लागतात, इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसारखं ते वर्षभरात आटोपत नाही. पहिलीत बाराखडी संपवण्याची आपली घाई पाहिली की मला याची आठवण होते. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी थोडी अक्षरं आणि त्यांच्याबरोबरच थोड्या मात्रा घेऊन पहिल्या आठवड्यांतच मुलांना अर्थ असलेले शब्द वाचायला दिले. मुळाक्षरं संपेपर्यंत अर्थ रोखून धरला नाही. आणि ज्यांच्या घरी कोरकू, गोंडी किंवा पावरी बोलतात, त्यांना अक्षराबरोबर शब्दही परका असतो, हे मेळघाट आणि धडगावच्या शिक्षकांना मी सांगायला नको.

आतापर्यंत मी डोक्याबद्दल बोलले. वर्गात मूल एकटं डोकं घेऊन येत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी, भुलभुलैये सोडवायला दिले. जात उच्चारली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत फरक नव्हता. सर्वांसमोर नावाबरोबर जात वाचून दाखवली, आणि दलित मुलांची कामगिरी खाली आली. कोडी तीच, मुलंही तशीच. आपल्या शाळांत शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना "अमुक प्रवर्गातल्यांनी उभं राहा" हे वाक्य अजून उच्चारलं जातं. ते मी स्वतः ऐकलं आहे, आणि उभ्या राहिलेल्या मुलाने नजर कुठे लावली तेही पाहिलं आहे. त्या तासानंतर त्याला गणित दिलं तर चुकण्याची जबाबदारी कुणाची? अपेक्षांबद्दलचा रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ चा प्रसिद्ध प्रयोग पुढे पुष्कळ वादात सापडला, परिणाम वाटला होता त्याहून लहान निघाला. पण लहान गोष्ट रोज दहा वर्षं केली तर लहान राहत नाही.

शेवटी बाजारात मानसशास्त्राच्या नावाने काय विकलं जातं तेही बोलायला हवं, कारण त्याची किंमत गरीब पालक मोजतात. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणाऱ्या चाचण्या, 'मिडब्रेन' जागा करून डोळे बांधून वाचायला लावणारे वर्ग: यांना कसलाही शास्त्रीय आधार नाही. मूल 'दृश्य शिकणारं' की 'श्राव्य शिकणारं' अशी वर्गवारी तर चांगल्या प्रशिक्षणांतही शिरली आहे. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिच्यासाठी पुरावा शोधला, आणि तशा वर्गवारीने शिकवून मुलं जास्त शिकतात हे दाखवणारा पुरावा त्यांना मिळाला नाही. कॅरल ड्वेक यांची 'बुद्धी वाढू शकते' ही धारणा खोटी नाही. पण २०१९ मध्ये अमेरिकेत हजारो नववीच्या मुलांवर ती तपासली तेव्हा मागे पडलेल्या मुलांच्या गुणांत चारच्या मापावर एक दशांशाची वाढ दिसली. एक तासाच्या खर्चाला ती वाईट नाही. भिंतीवर 'मी करू शकते' लिहून हातच्याची वजाबाकी मात्र येत नाही.

या आढाव्यात मला सारखं खटकत राहिलं ते असं: इंग्रजी वजाबाकीच्या चुकांची यादी १९७८ पासून छापील आहे. एकोणतीस, पंचवीस, सव्वा आणि दीड यांच्या मराठी चुकांची तशी यादी शिक्षकाच्या हातात नाही. ती बनवायला लागणारं साहित्य दरवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत रद्दीवाल्याच्या तराजूत जातं, कारण तपासलेल्या वह्या कुणी ठेवत नाही. केंद्राची शिक्षण परिषद भरते तेव्हा पत्रकं वाचली जातात, माहिती भरून घेतली जाते. त्याच बैठकीत प्रत्येक शिक्षकाने पाच चुकलेली उत्तरं आणावीत, मुलाने ती कशी काढली हे त्याच्याच शब्दांत लिहून. तीस शिक्षकांची दीडशे होतात. त्यांच्याभोवती बसून, हे मूल कोणत्या नियमाने इथे पोचलं असेल, एवढाच प्रश्न तासभर घ्यावा. त्या मुलीची पाटी मी पुसू दिली नव्हती, फोटो काढून ठेवला आहे. पहिली माझी.